क्वाहम्? : चालत्या यंत्राच्या संशयाचा इतिहास

'रोबो' हा शब्द प्रयोगशाळेतून नव्हे, नाटकातून आला, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना नव्याने सांगायला नको. कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या 'आर. यू. आर.' या नाटकात तो अवतरला. शब्द सुचवला त्याच्या चित्रकार भावाने, योसेफने, आणि त्याच्या मुळाशी आहे 'रोबोटा', म्हणजे वेठ. तेव्हापासून साहित्यातला यंत्रमानव बहुधा एकाच प्रश्नाने पछाडलेला दिसतो: मी कोण? मला मन आहे काय, मला मरण आहे काय, माझ्या निर्मात्याशी माझे नाते कोणते? आपल्या परंपरेतल्या 'कोऽहम्'चाच हा यांत्रिक अवतार म्हणायचा. गंमत अशी की, ज्यांनी प्रत्यक्षात चालती यंत्रे बांधली त्यांना या प्रश्नाने फारसे छळले नाही. त्यांना छळले ते एका दुसऱ्याच, वरकरणी क्षुल्लक प्रश्नाने: मी कुठे आहे? कोऽहम् नव्हे, क्वाहम्.

या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास येथे मांडण्याचा आमचा विचार आहे. तो अभियांत्रिकीचा इतिहास आहे हे खरे. परंतु वाचन, अर्थनिर्णय, ओळख यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध येतो त्यांना तो परका वाटण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे थोडक्यात असे: आपल्या अज्ञानाचा नीट हिशेब ठेवायला यंत्राला शिकवता आले, तेव्हा कुठे त्याला जगात वावरता येऊ लागले, आणि जेथे हा हिशेब टाळला गेला, तेथे त्याची किंमत जगाला मोजावी लागली.

स्वतःहून चालणाऱ्या यंत्रापुढे तीन कामे असतात. भोवतालचा नकाशा करणे, त्या नकाशात आपले स्थान ठरवणे, आणि तेथून इष्टस्थळी जाण्याचा मार्ग आखणे. क्रमाने पाहता मार्ग शेवटी यायला हवा. इतिहासात मात्र तो सर्वांत आधी सुटला, आणि तोही इतक्या देखण्या रीतीने की उरलेली दोन कामे किती कठीण आहेत याचा काही काळ विसर पडला असावा.

१९५६ साली एड्सखर डायक्स्ट्रा हा तरुण डच गणिती आपल्या वाग्दत्त वधूबरोबर ॲम्स्टरडॅममध्ये खरेदीला बाहेर पडला होता. दमून दोघे एका कॅफेत कॉफी घ्यायला बसले, आणि तेथे वीसेक मिनिटांत, कागद-पेन्सिलीवाचून, त्याने दोन गावांमधला सर्वांत जवळचा रस्ता शोधण्याची रीत मनातल्या मनात जुळवली. 'आर्मॅक' नावाच्या नव्या संगणकाचे प्रात्यक्षिक सामान्य लोकांना कळेल अशा उदाहरणाने करायचे होते; त्यासाठी नेदरलँड्समधली ६४ शहरे घेतली गेली. निबंध प्रसिद्ध झाला १९५९ मध्ये. रीत निर्दोष होती, पण आंधळी. रॉटरडॅमहून उत्तरेकडच्या ग्रोनिंगेनला जायचे असले तरी ती चारी दिशांना सारख्याच उत्साहाने पसरत जाई.

तिला दिशेचे भान दिले कॅलिफोर्नियातल्या तिघांनी. मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल यांनी १९६८ साली जी पद्धत मांडली ती 'ए-स्टार' या नावाने आजही संगणकीय खेळांपासून यंत्रमानवांपर्यंत सर्वत्र वापरली जाते. प्रत्येक टप्प्यावर ती दोन आकड्यांची बेरीज पाहते: आतापर्यंत चाललेले अंतर, आणि अजून उरले असावे असे वाटणारे अंतर. पहिला आकडा हिशेब, दुसरा अंदाज. अंदाजावर अट एकच. त्याने खऱ्या अंतरापेक्षा जास्त सांगता कामा नये. सरळ रेषेतले अंतर ही अट आपोआप पाळते, कारण कोणताही रस्ता सरळ रेषेहून आखूड असू शकत नाही. ही अट पाळली तर सापडणारा मार्ग सर्वांत जवळचाच असेल, असे त्या तिघांनी सिद्ध करून दाखवले. यंत्राने चुकायला हरकत नाही, पण चुकायचे ते आशावादाच्या बाजूने, असा त्याचा अर्थ. गणितातल्या सिद्धतांमध्ये इतका मानवी अर्थ क्वचितच दडलेला असतो.

ही पद्धत ज्या यंत्रासाठी जन्मली त्याचे नाव 'शेकी', म्हणजे थरथऱ्या. चालता चालता थांबला की तो मुळापासून हादरे, म्हणून हे नाव. चार्ल्स रोझन यांच्या नेतृत्वाखाली, अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'आर्पा' विभागाच्या पैशावर, १९६६ ते १९७२ या काळात तो घडला. चाकांवरचा एक उंच सांगाडा, वर दूरचित्रवाणीचा कॅमेरा, अंतर मोजण्याचे उपकरण, खाली मांजराच्या मिशांसारख्या तारा. त्याचा मेंदू मात्र दुसरीकडे एका मोठ्या संगणकात, रेडिओने जोडलेला. 'लाइफ' साप्ताहिकाने १९७० मध्ये त्याला पहिली इलेक्ट्रॉनिक व्यक्ती ठरवून टाकले. पत्रकारितेची अतिशयोक्ती आम्ही समजू शकतो. पण या व्यक्तीच्या घराचे वर्णन वाचताना अतिशयोक्तीचा नव्हे, सक्तीच्या साधेपणाचा अनुभव येतो. मोजक्या खोल्या, सपाट जमीन, एकरंगी मोठे ठोकळे आणि पाचरी, भिंतीच्या पायथ्याशी गडद पट्टी, कारण त्याशिवाय भिंत कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते हे कॅमेऱ्याला उमगत नसे. शेकीला जग कळावे म्हणून शेकीपुरते एक जग रचण्यात आले होते. नाटकाच्या नेपथ्यासारखे, फक्त येथे नेपथ्य प्रेक्षकांसाठी नसून नटासाठी होते.

या नेपथ्यातही एक अडचण लपून राहिली नाही. चाके किती फिरली हे मोजत गेले की आपण किती पुढे आलो हे कळते. जुन्या काळी खलाशी वेग, दिशा आणि वेळ यांवरून जहाजाचे ठिकाण काढीत, तोच हा प्रकार. पण चाक किंचित घसरते, जमीन किंचित उतरती असते. दिशेत एका अंशाची चूक झाली तर शंभर मीटर चालून होईपर्यंत यंत्र आपल्या समजुतीपासून पावणेदोन मीटर बाजूला गेलेले असते, म्हणजे दाराऐवजी भिंतीसमोर. अशी चूक दुसऱ्या चुकीने फिटत नाही, वाढतच जाते. शेकी मधूनमधून एखाद्या ओळखीच्या कोपऱ्याकडे पाहून आपले ठिकाण दुरुस्त करी. पण कोपरा कोठे आहे हे त्याला आधीच सांगितलेले असे. ज्या घराचा नकाशा कोणी हाती दिलेला नाही, तेथे काय करायचे?

नेपथ्य काढून घेतले की काय होते याचे दर्शन हान्स मोराव्हेक यांच्या गाडीने घडवले. स्टॅनफर्ड विद्यापीठातली ही गाडी मुळात चंद्रावरचे वाहन पृथ्वीवरून हाकता येईल का हे पाहण्यासाठी बनली होती. मोराव्हेक यांनी तिला स्वतःच्या डोळ्यांनी चालायला शिकवण्याचा चंग बांधला. एका आडव्या पट्टीवर सरकणारा कॅमेरा नऊ छायाचित्रे घेई, संगणक त्यांवर विचार करी, आणि दहा-पंधरा मिनिटांनी गाडी सुमारे एक मीटर पुढे सरके. १९७९ मध्ये खुर्च्या मांडलेली वीस मीटरची एक खोली तिने पाच तासांत, माणसाच्या मदतीवाचून, पार केली. घराबाहेर मात्र फजिती झाली. यंत्र विचारात गढलेले असताना सूर्य सरकला, उन्हाच्या सावल्या सरकल्या, आणि त्या काळ्या ठळक कडांनाच वस्तू समजून बसलेल्या यंत्राच्या नकाशात गोंधळ माजला. दोष गणिताचा नव्हता. गणित होईपर्यंत जग तेच राहील हे गृहीतक चुकले होते.

येथपर्यंतच्या सर्व प्रयत्नांत नकाशा म्हणजे विधानांची यादी होती. येथे भिंत आहे, तेथे ठोकळा आहे. असणे किंवा नसणे, तिसरी शक्यता नाही. १९८५ मध्ये मोराव्हेक आणि अल्बर्टो एल्फेस यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात ही भाषा बदलली. त्यांच्याजवळ होते पोलरॉइड कॅमेऱ्याचे स्वस्त ध्वनिसंवेदक. त्यांचा ध्वनी पंख्यासारखा फाकत जाई, त्यामुळे समोर काहीतरी आहे हे कळे, पण नेमके कोठे ते कळत नसे. तेव्हा त्यांनी जमिनीचे बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा ठेवला: ही जागा व्यापलेली असण्याची संभाव्यता किती? प्रत्येक नव्या प्रतिध्वनीगणिक तो आकडा थोडा वर किंवा खाली सरके. सुरुवातीला सगळा पट करडा. हळूहळू काही चौकोन काळे पडू लागतात, काही पांढरे, आणि काही शेवटपर्यंत करडेच राहतात. 'येथे काही नाही' आणि 'येथे काय आहे ते मला माहीत नाही' या दोन वाक्यांत फरक करणारा हा यंत्राचा पहिला मोठा नकाशा. आमच्या मते या साऱ्या इतिहासातले भाषिक वळण ते हेच.

दुसरे वळण पुढच्याच वर्षी आले. १९८६ मध्ये सान फ्रान्सिस्कोत यंत्रमानवशास्त्राची एक परिषद भरली होती. पीटर चीझमन, जिम क्राउली, ह्यू डरंट-व्हाइट आदी मंडळी तेथे होती, आणि टेबलांवरचे कागदी रुमाल व टेबलपोस समीकरणांनी भरून गेले अशी हकिगत डरंट-व्हाइट यांनीच पुढे नोंदवून ठेवली आहे. प्रश्न असा: नकाशा नीट करायचा तर मी कोठे आहे हे ठाऊक हवे, मी कोठे आहे हे ठरवायचे तर नकाशा हवा. आपल्या न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात, आणि तो दोष मानला जातो. अर्थनिर्णयशास्त्राचे अभ्यासक त्याला वेगळ्या नावाने ओळखतात: भाग कळायला समग्र हवे, समग्र कळायला भाग. साहित्याच्या वाचकाला या वर्तुळाची भीती वाटत नाही, कारण तो रोज त्यातूनच शिरतो. अभियंत्यांना मात्र ती वाटली, आणि ती घालवायला त्यांना सुमारे दहा वर्षे लागली.

रँडल स्मिथ, मॅथ्यू सेल्फ आणि चीझमन यांनी त्याच सुमारास जे दाखवले ते असे. समजा, यंत्राने एक खांब पाहिला आणि त्याच जागेवरून एक दार पाहिले. यंत्राचा स्वतःच्या ठिकाणाविषयीचा अंदाज हातभर डावीकडे चुकला असेल, तर त्याच्या नकाशात खांबही हातभर डावीकडे जाईल आणि दारही. दोन्ही चुका सख्ख्या बहिणी. म्हणून खांब नेमका कोठे हे माहीत नसले, दार नेमके कोठे हेही माहीत नसले, तरी खांबापासून दार किती अंतरावर हे बऱ्यापैकी माहीत असते. या नात्याला गणितात सहसंबंध म्हणतात. हिशेबाच्या दृष्टीने ती कटकट: खुणा दुप्पट झाल्या की नात्यांची संख्या चौपट होते. त्यामुळे अनेकांनी ही नाती कमीत कमी कशी ठेवता येतील, खुणांना सुटे-सुटे कसे करता येईल, याच्याच युक्त्या शोधल्या. एकूण चूक कधी आटोक्यात येईल असा विश्वासही बहुतेकांना नव्हता.

उकल झाली ती नेमकी उलटी. ही नाती तोडायची नाहीत; सगळे उत्तर त्यांच्यातच आहे. यंत्र जितके हिंडेल, तीच खूण जितक्या वेळा नव्याने पाहील, तितकी खुणांमधली नाती घट्ट होत जातात, आणि घट्ट होता होता सारा नकाशा एकसंध, ताठ होतो. मग एका जरी खुणेचे ठिकाण पक्के झाले, तरी ती खूण बाकीच्या सगळ्यांना आपल्याबरोबर जागेवर ओढून आणते. १९९५ मध्ये या प्रश्नाला 'स्लॅम' हे आद्याक्षरी नाव मिळाले: एकाच वेळी स्थाननिश्चिती आणि नकाशा. न्यायशास्त्राने दोष मानलेली गोष्ट येथे पद्धत झाली होती.

एक अवांतर. मराठी गद्याच्या अभ्यासकांना या ठिकाणी महानुभावांची 'स्थानपोथी' आठवल्याशिवाय राहणार नाही. चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पावन झालेली ठिकाणे चौदाव्या शतकातल्या त्या ग्रंथात सांगितली आहेत ती अक्षांश-रेखांशांनी अर्थातच नाहीत. कोणते स्थान कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूला, कशाच्या पूर्वेला, कोणाच्या दारासमोर, अशा नात्यांनी सांगितली आहेत. एखादे देऊळ पडले तरी बाकीच्या नात्यांवरून जागा शोधता यावी अशी ती विणकर. तिच्यातून स्लॅम निघाले असले भलते विधान आम्ही करत नाही. ठिकाण म्हणजे नात्यांचे जाळे, ही समज माणसाला यंत्राच्या फार आधी होती, एवढेच.

नात्यांच्या या जाळ्याची खरी कसोटी लागते ती यंत्र फिरून फिरून जुन्या जागी परत येते तेव्हा. लांबलचक व्हरांड्यातून, वळणांवरून, अर्धा तास चाललेल्या यंत्राचा नकाशा एव्हाना वाकडा झालेला असतो. त्याच्या समजुतीप्रमाणे ते मूळ जागेपासून चार मीटर दूर असते. तेवढ्यात समोर एक दार दिसते, आणि हे तर पहिलेच दार, असे त्याला कळते. त्या एका ओळखीने चार मीटरांची चूक उघडी पडते, आणि ती केवळ या क्षणाची राहत नाही. ती मागच्या साऱ्या वाटेवर वाटून दिली जाते: प्रत्येक वळण थोडे सरकते, प्रत्येक खांब थोडा हलतो, अर्ध्या तासाचा भूतकाळ नव्याने मांडला जातो. फेंग लू आणि एव्हांगेलोस मिलिओस यांनी १९९७ मध्ये मांडलेली, पुढे अनेकांनी वाढवलेली रीत हेच करते. तांत्रिक भाषेत याला 'वळसा मिटणे' अशा अर्थाची संज्ञा आहे. आमच्याकडे याहून जुना आणि नेमका शब्द आहे: प्रत्यभिज्ञा. अंगठी दिसताच दुष्यन्ताला शकुन्तला आठवते, तेवढेच घडत नाही. दरबारात तिला नाकारल्याच्या प्रसंगासकट मधल्या प्रत्येक घटनेचा अर्थ त्याच्यापुरता बदलतो. ओळख पुढे पाहत नाही, ती मागे जाऊन दुरुस्ती करते.

आणि ओळख खोटी असली तर? कार्यालयांच्या इमारतीत दोन मजल्यांवरचे व्हरांडे हुबेहूब सारखे असतात. दुसऱ्या मजल्यावरच्या दाराला यंत्राने पहिल्याचे दार मानले, तर तीच दुरुस्तीची यंत्रणा तितक्याच निष्ठेने एक धडधडीत असत्य साऱ्या नकाशात वाटून देते. भिंती एकमेकींतून आरपार जातात, दोन मजले एकमेकांवर दुमडले जातात. न ओळखण्याची चूक सावकाश नासवते, चुकीची ओळख एका फटक्यात सगळे मोडते. म्हणून या क्षेत्रातल्या कसबी लोकांचा पुष्कळसा वेळ जातो तो ओळख लांबणीवर कशी टाकावी यात: अजून एक खूण जुळू दे, अजून एक, मग मान्य करू. आणि मान्य केलेलेही पुढे मागे घेता आले पाहिजे. पाठचिकित्सा करणाऱ्यांना ही वृत्ती ओळखीची वाटेल.

या सगळ्या नकाशेपणाला तीव्र विरोधही झाला, आणि तो नोंदवला पाहिजे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले रॉडनी ब्रुक्स १९८६ पासून असे प्रतिपादत होते की जगाची प्रतिमा डोक्यात बाळगण्याची गरजच नाही. जग समोर आहे, हवे तेव्हा त्यालाच विचारावे. कीटक नकाशे काढीत बसत नाहीत. त्यांची सहा पायांची छोटी यंत्रे अडथळ्यांवरून चढून जात, तेव्हा शेकीची परंपरा म्हातारी वाटू लागे. ब्रुक्स यांचा सहभाग असलेल्या कंपनीने, आयरोबोटने, २००२ मध्ये 'रूंबा' नावाचा झाडूयंत्राचा गोल डबा विकायला काढला. तो खोलीत आपटत-धडकत, नकाशावाचूनच, बहुतेक सगळी जमीन झाडून काढी. सिद्धान्ताचा व्यवहारात विजय झाल्यासारखे दिसले. २०१५ मध्ये त्याच कंपनीच्या नव्या रूंबाला कॅमेरा आला आणि तो घराचा नकाशा काढू लागला. नकाशाशिवाय झाडता येते, पण कोणती खोली झाडून झाली हे कळत नाही.

संशयाची भाषा जगाच्या गर्दीत टिकते का, हे पाहायला मिळाले जर्मनीत. १९९७ मध्ये बॉन येथील डॉइचेस म्युझियममध्ये 'ऱ्हाइनो' नावाचा यंत्रमानव सहा दिवस प्रेक्षकांना वस्तू दाखवत हिंडला. या काळात तो सुमारे साडेअठरा किलोमीटर चालला. वोल्फ्राम बुर्गार्ड, डीटर फॉक्स, सेबास्टियन थ्रुन आदींचे ते काम. अडचणी दोन होत्या आणि दोन्ही बोधप्रद. पहिली काचेची: कित्येक प्रदर्शनपेट्या त्याच्या संवेदकांना दिसतच नसत. तेथे डोळ्यापेक्षा नकाशावर विश्वास ठेवावा लागे, आणि नकाशावर विश्वास ठेवायचा तर आपण कोठे आहोत हे चुकून चालणार नव्हते. दुसरी माणसांची: मुले भोवती कोंडाळे करीत, आणि भिंतीऐवजी पायच दिसत. उपाय साधा होता. नकाशाप्रमाणे भिंत पाच मीटरवर असायला हवी आणि दिसते आहे एका मीटरवर, तर मध्ये माणूस असावा. ठिकाण ठरवताना ते मोजमाप विचारात घ्यायचे नाही. अडथळा म्हणून मात्र त्याला टाळायचे. एकच गोष्ट एका कामासाठी खरी, दुसऱ्यासाठी दुर्लक्षणीय.

१९९९ मध्ये याच गटातल्या मंडळींनी फ्रँक डेलार्ट यांच्यासह जी पद्धत मांडली ती आम्हांला अधिकच आवडते. यंत्र आपल्या ठिकाणाबद्दल एक अंदाज बाळगत नाही, हजारो बाळगते. नकाशावर जणू मोहरीचे दाणे विखुरलेले, प्रत्येक दाणा म्हणजे 'मी कदाचित येथे असेन' असे एक विधान. यंत्र चालले की सारे दाणे चालतात. समोर दार दिसले की ज्या दाण्यांसमोर नकाशात दार आहे ते टिकतात, वाढतात. बाकीचे विरून जातात. शेवटी दाण्यांचा एकच ढीग उरतो. पण कोणी यंत्राला उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवले तर? या पेचाचे रूढ नावच 'पळवून नेलेल्या यंत्राचा प्रश्न' असे आहे. एका ढिगावर एकवटलेल्या यंत्राला तो सुटत नाही: खात्री पूर्ण, आणि पूर्णपणे चूक. त्यावर उपाय असा की काही दाणे सतत, कारण नसताना, नकाशाच्या कानाकोपऱ्यांत टाकत राहायचे.

पुढचा भाग वृत्तपत्रांनी भरपूर सांगितला आहे. मोजावी वाळवंटात मार्च २००४ मध्ये चालकरहित वाहनांच्या शर्यतीत २०० किलोमीटरांहून लांब मार्गापैकी सर्वोत्तम गाडी बाराएक किलोमीटर गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये पाच गाड्यांनी पूर्ण अंतर कापले आणि थ्रुन यांच्या गटाची 'स्टॅन्ली' पहिली आली. विजयाच्या या कथेत आम्हांला फारसे स्वारस्य नाही.

स्वारस्य आहे ते दुसऱ्या, कमी गाजलेल्या रस्त्यात. २०१२ मध्ये ॲमेझॉनने ७७५ दशलक्ष डॉलरांना 'किवा' ही कंपनी विकत घेतली. तिची यंत्रे गोदामात मांडण्या उचलून नेतात, आणि त्यांना संशयाचे गणित फारसे लागत नाही. जमिनीवर ठरावीक अंतराने चौकोनी सांकेतिक चिकट्या लावलेल्या. यंत्र एकीवरून पुढच्या चिकटीवर जाते. तो भाग कुंपणाने वेगळा केलेला, आत माणसाला मज्जाव. शेकीच्या खोल्यांतली गडद पट्टी येथे गोदामभर पसरली आहे. यंत्राला जग समजत नसेल तर जग यंत्राला समजेल असे करावे. आर्थिकदृष्ट्या हा मार्ग बहुधा स्वस्त पडतो, आणि म्हणूनच त्याची धास्ती वाटते: आज जे गोदामात केले ते उद्या रस्त्यावर, पदपथावर करण्याचा मोह होणारच. पहिल्या मार्गालाही त्याची सावली आहे. संशयाच्या गणिताने काढलेला नकाशा शेवटी कोणाच्या तरी घराचा असतो. २०१७ मध्ये आयरोबोटच्या प्रमुखांनी ग्राहकांच्या घरांचे नकाशे मोठ्या कंपन्यांना पुरवण्याची शक्यता बोलून दाखवली, गदारोळ उठला, आणि ग्राहकाच्या संमतीवाचून असे होणार नाही असे खुलासे करावे लागले.

'स्वायत्त' हा शब्द मराठी समीक्षेत पुरेसा झिजला आहे, त्याची अवस्था तिकडेही फार वेगळी नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर 'प्रज्ञान' गाडीपुढे तीन मीटरांवर चार मीटर व्यासाचे विवर आले, तेव्हा माघारी फिरण्याची आज्ञा पृथ्वीवरून गेली. संशय घ्यायचे काम येथे माणसांनीच केले.

मंगळ अधिक दूर. संदेश जायला कित्येक मिनिटे लागतात, तेव्हा गाडीला स्वतःच्या पावलांचा हिशेब स्वतःच ठेवावा लागतो. ऑगस्ट २०१२ मध्ये तेथे उतरलेली 'कुरिऑसिटी' भोवतालच्या दगडांची छायाचित्रे एकामागून एक ताडून आपण किती सरकलो हे काढते. पण सपाट वाळूत ताडून पाहायला दगडच नसतात, आणि चाके तर वाळूतच सर्वांत जास्त घसरतात. म्हणून तिच्या चाकांच्या धावेत मुद्दाम लहान-मोठ्या खाचा ठेवल्या आहेत. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्या मागे वाळूत उमटतात. कॅमेरा मागे वळून ते ठसे पाहतो. लागोपाठच्या दोन ठशांतले अंतर चाकाच्या परिघापेक्षा कमी भरले, तर तेवढे आपण घसरलो. त्या खाचा म्हणजे मोर्स लिपीतले ठिपके आणि रेघा आहेत, आणि त्यांतून तीन अक्षरे लागतात: जे, पी, एल. ती गाडी जेथे घडली त्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची ही आद्याक्षरे.